घरी आहे, मोकळी नाही: सांगलीतून घरून काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च 2020 मध्ये, टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात, एक बॅग आणि ऑफिसचा लॅपटॉप घेऊन मी पुण्याहून सांगलीला आले. पंधरा दिवसांसाठी. पुण्याची खोली पुढे सोडली, लग्न इथंच झालं, आणि काम अजून घरूनच चालू आहे. सॉफ्टवेअर कसं वापरायचं याची पानं लिहिणं हा माझा धंदा. म्हणजे प्रश्नोत्तरं लिहिण्याचाच मला पगार मिळतो. पण खालचे प्रश्न मला कंपनीनं दिलेले नाहीत. शेजारपाजार, मावसभावंडं, जुन्या वर्गमैत्रिणी आणि लग्नकार्यात भेटणारी माणसं हेच पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

घरी बसलं की कामात लक्षच लागत नाही. हा माझा आळस आहे का?

बहुतेक वेळा नाही. ऑफिस आपल्यासाठी काही कामं न सांगता करत होतं. सकाळी ठरलेल्या वेळी घराबाहेर काढत होतं, आजूबाजूला काम करणारी माणसं बसवत होतं, जेवायची वेळ ठरवत होतं आणि संध्याकाळी घरी हाकलत होतं. शिवाय तिथं कुणी “सिलिंडरवाला आलाय का बघ जरा” म्हणत नव्हतं. घरी आल्यावर ही सगळी कामं आपल्या अंगावर पडली, आणि पडली आहेत हे कुणी सांगितलंही नाही.

स्वतःला नावं ठेवण्याआधी तीन दिवस एक चिठ्ठी जवळ ठेवा. जागेवरून उठलात की कशासाठी उठलात ते एका शब्दात लिहा. माझ्या चिठ्ठीवर तीन दिवसांत एकेचाळीस वेळा उठल्याची नोंद झाली. मोबाइलमुळे नऊ वेळा. उरलेल्या बत्तीस वेळांत बेल, दूध, कुरिअर, पाण्याच्या टाकीचा कॉक, आणि निम्म्याहून जास्त वेळा “अगं जरा…”. तोवर मी मनाच्या एकाग्रतेवरचे व्हिडिओ बघत होते! उपाय टाकीच्या कॉकला हवा होता.

“घरीच तर असतेस” हे वाक्य कसं थांबवायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात.

घरच्यांना दोष द्यायच्या आधी त्यांना काय दिसतं ते बघा. खुर्चीत बसलेली बाई, समोर उजेडाची पाटी, बोटं हलताहेत. मोबाइलवर रील बघणारी बाईही तशीच दिसते. घरून काम करणं आपल्याकडं नवीन नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे घडताहेत (2024 मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं), आणि तिथं घर कुठं संपतं नि कारखाना कुठं सुरू होतो हे बाहेरच्याला कळत नाही. पण कारागीर जवारी काढायला बसला, म्हणजे घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची आणि कान देऊन ऐकायचं हे सुरू झालं, की त्या वेळी शेजारी मिक्सर लावायचा नसतो हे पोरालाही कळेल. पापड लाटणाऱ्या बाईला कुणी अर्ध्यावर उठवत नाही, कारण पीठ वाळतं. मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना अडत्याला कुणी “जरा इकडं या” म्हणत नाही. ही सगळी कामं डोळ्यांना दिसतात, कानाला ऐकू येतात. आपलं काम अर्ध्यावर सोडलं तर काय वाळतं, ते कुणाला दिसत नाही. ते दाखवावं लागतं.

माझ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका. “मीटिंग आहे”, “डेडलाइन आहे” हे मी वर्षभर सांगितलं, काही फरक पडला नाही. एकदा वैतागून म्हणाले, “आई, पेपर तपासायला बसलेय, गठ्ठा परवा द्यायचाय.” त्या दिवसापासून दुपारी एकदाही हाक आली नाही. उलट त्याच शेजारच्या काकूंना दारातून परतवू लागल्या. पेपर तपासताना मध्येच उठलं तर बेरीज चुकते, हे त्यांनी हातानं केलेलं होतं. आमच्या चुलतभावानं त्याच्या शेतकरी वडिलांना सांगितलं, “अण्णा, मोटारीला लाइट असते तेवढ्यातच पाणी पाजायचं असतं ना? तसा हा परदेशातला माणूस दोनच तास भेटतो.” अण्णांना पटलं. घरच्यांच्या कामातला शब्द शोधा. ऑफिसचा शब्द घरात चालत नाही.

दुसरी गोष्ट खुणेची. मी दाराच्या कडीला लाल रुमाल अडकवते. रुमाल आहे तोवर आग लागल्याशिवाय हाक मारायची नाही. पण तो दिवसभर लटकत ठेवायचा नाही, इथं बरेचजण चुकतात. दिवसभर लावलेल्या खुणेकडं आठवड्यात कुणी बघेनासं होतं. माझा रुमाल दिवसातून दोनदा लागतो, एकेका वेळी दीड तास. आणि रुमाल निघाला की मी खरंच मोकळी असते. सव्वाअकराला खाली चहाला येते, तेव्हा भाजी निवडत सगळं बोलणं होतं. कधी भेटणार हे माहीत असलं की माणसं थांबतात.

आणि काही घरांत यातलं काहीही चालणार नाही, हेही मला ठाऊक आहे. सून दिवसभर घरात आहे म्हणजे दोन्ही वेळचा स्वयंपाक तिचाच, असं ठरलेल्या घरात रुमालानं काय होणार? तिथं पैशाचं बोलावं लागतं. स्वयंपाकाला मावशी लावणं ही चैन नाही, तुमच्या पगाराचा खर्च आहे, जसा पूर्वी बसचा पास होता. हे नवऱ्यानं त्याच्या आईला सांगायचं. सुनेनं सांगितलं की त्याचं भांडण होतं.

स्वतंत्र खोली नाही. कुठं बसू?

भिंतीकडं तोंड करून बसा, खोलीकडं पाठ. माणसांची ये-जा डोळ्यांच्या टापूत आली की मान वळतेच. खिडकी बाजूला हवी. ती समोर असेल तर डोळे दिपतात, पाठीमागं असेल तर पडद्यावर चकाकी येते आणि व्हिडिओवर तुम्ही काळ्या सावलीसारखे दिसता. पलंग आणि झोपाळा नको. पलंगावर काम केलं की काम झोपाळू होतं आणि रात्री झोपेत काम शिरतं.

जागा लहान असली तरी तीच रोज हवी. माझ्या एका मैत्रिणीचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची अडीच फुटांची जागा. तिथं पूर्वी तांदळाची पोती असायची.

अभ्यासिकेचं बरेचजण विचारतात. स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळं सांगलीत त्या भरपूर झाल्यात, शांतताही असते. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला उत्तम. पण फोन आला की बाहेर पळावं लागतं, त्यामुळं ज्यांचे दिवसाला चार कॉल असतात त्यांनी पैसे भरायच्या आधी विचार करावा.

खुर्ची-टेबलावर खर्च करायलाच हवा का?

खुर्चीवर करा, टेबलावर नको. जेवणाचं टेबल साधारण 30 इंच उंच असतं, तेवढ्यावर काम भागतं. कोपर काटकोनात आलं पाहिजे आणि पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. लॅपटॉपची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणायला जाड पुस्तकांची चळत पुरते, मात्र मग कीबोर्ड आणि माउस वेगळे लागतात. ते चैनीत धरू नका. मानेच्या डॉक्टरांची एक फेरी त्याहून महाग पडते.

लाइट जाते, नेट जातं. मग काम कसं करायचं?

इथं हिशेब मांडूनच बोलू या, कारण “इन्व्हर्टर आहे की” म्हणणाऱ्या माणसाचं नेट सगळ्यात आधी जातं.

साधी घरगुती बॅटरी 12 व्होल्टची, 150 अँपिअर-अवरची असते. गुणाकार केला तर 1800 वॉट-अवर. लॅपटॉपचे 60 वॉट, जुन्या पंख्याचे 70, राउटरचे 10 आणि एका एलईडी दिव्याचे 10 धरले तर 150 वॉट झाले. कागदावर बारा तास मिळतात. पण इन्व्हर्टरमध्ये वीज वाया जाते आणि बॅटरी तळापर्यंत ओढायची नसते, म्हणून सहा-सात तास धरा. बॅटरी जुनी असेल तर त्याच्याही निम्मे. पंखा बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा, घेतला की 70 च्या जागी 30-35 वॉट लागतात आणि उन्हाळ्यात तेवढ्यानं दीड-दोन तास वाढतात. यात फ्रीज किंवा मिक्सर कुणी जोडला की सगळा हिशेब कोसळला. तेव्हा इन्व्हर्टरची लाइन कुठल्या कुठल्या बोर्डला दिलीय ते वायरमनकडून एकदा बघून घ्या.

इन्व्हर्टर नसेल तर निदान राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा, बहुतेकांना 12 व्होल्ट लागतात. फायबरच्या तारेसाठी वेगळा डबा असेल तर त्यालाही वीज लागते, हे विसरू नका. एवढं करूनही गल्लीतल्या खांबावरच्या पेटीची वीज गेली तर तुमचं नेट जाणारच. म्हणून मोबाइलमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर एकत्रच आजारी पडतात. हॉटस्पॉटवर मीटिंग करायची वेळ आली तर कॅमेरा बंद करा. व्हिडिओसकट तासाभरात एक जीबीच्या आसपास डेटा जाऊ शकतो, नुसत्या आवाजाला त्याच्या मानानं काहीच लागत नाही.

महावितरणकडं मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर ठरवून होणाऱ्या बंदची सूचना एसएमएसनं येते. तक्रारीसाठी 1912 आहे. सूचना आली की मी त्या दिवसाची कामं फिरवते, लाइट नसेल तेव्हा कागद-पेननं आराखडे करायचे. खरं सांगायचं तर माझं सगळ्यात नीट लिहून झालेलं काम अशाच तीन तासांत झालंय.

सकाळी सुरुवातच होत नाही. दहा वाजेपर्यंत नुसतं इकडून तिकडं.

दोन गोष्टींनी माझं भागलं. एक, ऑफिसला “जाणं”. साडेसातला चप्पल घालून बाहेर पडते, आमराईत दोन चकरा मारते आणि परत येते ती थेट टेबलाशी. मध्ये ओट्यापाशी थांबायचं नाही. थांबलं की कुकर लागतो, कुकर लागला की कोशिंबीर आठवते.

दुसरं, उद्या सकाळी पहिलं काय करायचं ते आज संध्याकाळी लिहून ठेवायचं. “रिपोर्ट पूर्ण करणे” असं नको. “तिसऱ्या तक्त्यातले आकडे मेलमधून भरणे” असं, म्हणजे डोकं न लावता हात चालू होतील.

आंघोळ करून, कपडे बदलून बसावं का, हेही विचारतात. बसावं. पण इस्त्रीचा शर्ट घालून बसायच्या गप्पा मला पटत नाहीत.

पंचवीस मिनिटांचा टायमर लावून काम करायची पद्धत खरंच चालते का?

पोमोडोरो म्हणतात ती. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं 1980 च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना काढलेली. त्याच्याकडं टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर होता, आणि इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा, असे चार फेरे झाले की मोठी सुट्टी.

कंटाळवाण्या कामाला चालते. बिलं भरणं, मेलला उत्तरं देणं, तक्ते तपासणं ही कामं मी अशीच रेटते. पण एखादं अवघड पान लिहिताना पंचविसाव्या मिनिटाला टायमर वाजला की मला त्याला खिडकीबाहेर टाकावंसं वाटतं. तिथं मी पन्नास मिनिटं घेते, कधी टायमर लावतच नाही. टायमर मोबाइलवर मात्र लावू नका. ओट्यावरचा चावीचा आणा.

मध्येच उठावं लागलं की परत सूर लागायला फार वेळ जातो.

लागतोच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी ऑफिसातल्या माणसांमागं अक्षरशः घड्याळ घेऊन हिंडून हे मोजलं. काम तुटलं की माणूस मध्ये आणखी दोन-तीन कामं करून मग मूळ कामावर परततो आणि त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी 2009 मध्ये दुसरी बाजू दाखवली. पहिलं काम अर्धवट राहिलं असेल तर शरीर दुसऱ्या कामाशी बसतं, पण मनाचा एक तुकडा पहिल्याच कामात अडकून राहतो.

म्हणून बेल वाजली तरी धावत सुटू नका. दहा सेकंद घ्या आणि कागदावर लिहा, “कुठवर आले, पुढं काय.” माझ्या वहीत “दुसरा परिच्छेद, उदाहरण हवं, बहुतेक बँकेचं” असली अर्धवट वाक्यं भरलेली आहेत. विणकाम खाली ठेवताना आपण सुईत टाके मोजून ठेवतो की, तसंच हे.

मोबाइलचं काय करू?

दुसऱ्या खोलीत ठेवा. माझा देवघराच्या कोनाड्यात असतो.

“ओटीपी येतात, लॉगिनचा कोड लागतो” हे उत्तर मला तोंडपाठ आहे. कोड लागेल तेव्हा उठून जा. चार पावलं चालावं लागलं की निम्म्या वेळा जाणं टळतं. घरच्यांना आणि शाळेला दुसरा, साधा फोन किंवा लँडलाइनचा नंबर द्या, म्हणजे “काही तातडीचं असलं तर?” ही धाकधूक राहत नाही. फॅमिली ग्रुप मूक करायला लाजू नका. शुभ सकाळ दुपारी बघितली तरी सकाळ शुभच जाते.

दुपारी जेवण झालं की डोळे मिटतात.

दोष एकट्या भाताचा नाही. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराचं घड्याळच मंदावतं, भात त्याला नुसता हात देतो. आपल्या बाजारपेठेतली कितीतरी दुकानं दुपारी शटर ओढतात, ती उगाच नाही. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना दोन वाजता अवघड काम काढणारा माणूस स्वतःशी भांडत बसतो.

वीस मिनिटं पाठ टेका. गजर लावून. पाऊण तास झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि चार वाजेपर्यंत काही सुचत नाही. उठल्यावर आधी हातासरशी होणारी कामं घ्या, अवघड काम सकाळीच संपवलेलं बरं. पाचनंतर कॉफी नको. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही अंगात असतं.

माझी शिफ्ट अमेरिकेची आहे. हे सगळं मला कसं लागू होणार?

वेळा फिरवून. पण तुमच्याकडं एक जास्तीची भानगड असते. न्यूयॉर्क आपल्या मागं उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात, आपली नाही. त्यामुळं त्यांची सकाळी नऊची मीटिंग आपल्याकडं कधी साडेसहाला तर कधी साडेसातला येते. लंडनवाल्यांचं हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा आणि घरच्यांनाही दाखवा. नाहीतर नोव्हेंबरात जेवणाचं ताट वाढलेलं आणि तुम्ही कॉलवर.

रात्री दोनला झोपणाऱ्याला सकाळी सातला दुधासाठी उठवणं हा अन्याय आहे. घरात तसं स्पष्ट बोला. रात्रपाळीचा कामगार उशिरा उठला तर कुणी त्याला आळशी म्हणत नाही.

लहान मूल घरात आहे. त्याला सांभाळत काम जमेल?

नाही. दोन-तीन वर्षांचं मूल आणि लक्ष देऊन करायचं काम एकाच वेळी एकाच माणसाला जमत नाही. जमतं म्हणणारीच्या घरात आजी असते, तिचं नाव घ्यायचं राहून गेलेलं असतं. पाळणाघर, आजी, किंवा नवराबायकोनं तास वाटून घेणं, यातलं एक लागतंच. शाळेत जाणाऱ्या मुलांना मात्र रुमाल कळतो. आमच्या जावेचा मुलगा तर रुमाल बघून पाहुण्यांनाही दटावतो.

काम संपतच नाही. रात्री दहालाही लॅपटॉप उघडाच.

लक्ष लागत नाही अशी तक्रार करणाऱ्यांत मला निम्मी माणसं अशी भेटतात, ज्यांचा खरा आजार हा आहे. दिवसभर काम सांडत राहतं म्हणून रात्री भरायला बसतात. रात्री झोप होत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सांडतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून मांडलेला हिशेब असा, की आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो. घरी बसून 55 कधी झाले हे कळतही नाही. मोजून बघा.

माझा नवरा मिरजेला नोकरीला. सव्वासहाला त्याची गाडी फाटकात वाजली की मी लॅपटॉप मिटते, चार्जर गुंडाळते आणि दोन्ही कपाटात ठेवते. कपाटात. टेबलावर मिटलेला लॅपटॉप म्हणजे झाकलेलं ताट, येता-जाता उघडून बघावंसं वाटतंच.

मी दिसत नाही म्हणून बढतीत मागं पडेन का?

भीती खोटी नाही. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी आणि सहकाऱ्यांनी शांघायमधल्या एका मोठ्या प्रवासी कंपनीत कॉल सेंटरच्या सुमारे अडीचशे माणसांवर नऊ महिने प्रयोग केला, 2015 मध्ये तो छापून आला. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्क्यांनी वाढलं. पण तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसातल्या माणसाच्या तुलनेत त्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर “आता हवं ते निवडा” म्हटलं, तेव्हा त्यांतले जवळपास निम्मे ऑफिसात परत गेले, एकटं पडतो म्हणून. आणखी एक तपशील मला फार बोलका वाटतो. घरी स्वतंत्र खोली असलेल्यांनाच या प्रयोगात घेतलं होतं. आपण जिन्याखाली बसून त्यांच्या 13 टक्क्यांशी तुलना करू नये!

याच मंडळींचा 2024 चा अभ्यास सोळाशेवर माणसांचा आहे. आठवड्यात दोन दिवस घरून काम करणाऱ्यांत नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं आणि बढतीत फरक पडला नाही. तेव्हा महिन्यातून दोन दिवस तरी पुण्याला तोंड दाखवून येता आलं तर बघा. नाहीतर दर शुक्रवारी पाच ओळींचा मेल टाका, काय झालं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. हा मेल मला अजूनही बढाई मारल्यासारखा वाटतो, तरी पाठवते. घरच्यांना काम दिसत नाही तसं साहेबालाही दिसत नाही.

पावसाळ्यात नदी चढायला लागली की डोकं चालत नाही.

हा प्रश्न सांगलीबाहेरच्या माणसाला कळणार नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैत पुन्हा गावभागात घराघरांत शिरलं. माझं माहेर गावभागात. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की माझं एक बोट कायम मोबाइलवर असतं.

पातळी बघायच्या वेळा ठरवा, सकाळ, दुपार, संध्याकाळ. नदी तासाला काही इंच चढते, दर पाच मिनिटांनी बघून ती थांबत नाही. पाणी तिशीच्या पुढं गेलं की साहेबाला आधीच कळवा, चालू कामाच्या प्रती ऑनलाइन ठेवा, राउटर आणि यूपीएस वरच्या मजल्यावर न्या. पाणी येणाऱ्या भागात सुरक्षेसाठी वीज तोडतात, तेव्हा पॉवर बँक भरून ठेवा. आणि पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी आलं असेल तर रजा टाका. आईचं सामान माळ्यावर चढवताना एकाग्रतेचे उपाय कुणी सांगू नयेत.

गणपतीत ढोल-ताशे, स्पीकर. त्यावर काही उपाय?

आपल्या सांगलीच्या गणपती मंदिरातला चोर गणपती प्रतिपदेला गुपचूप येऊन बसतो, बाकीचे तसे येत नाहीत. कानात घालायचे बूच, सकाळी सहा ते नऊ काम, आणि अनंत चतुर्दशीला सुट्टी. मिरजेत राहत असाल तर दुसऱ्या दिवशीचीही घ्या. तिथली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते.

एकटं वाटतं. ऑफिसातल्या चहाची आठवण येते.

मला तीन वर्षांनी वाटायला लागलं, आधी वाटलं नव्हतं. आता आम्ही पाचजणं दर बुधवारी सकाळी एकीच्या घरी लॅपटॉप घेऊन जमतो. वेगवेगळ्या कंपन्या, वेगवेगळी कामं, एकमेकींना काडीचंही कळत नाही. नऊ ते अकरा कुणी बोलायचं नाही. अकराला भडंग आणि चहा, मग सव्वाबारापर्यंत पुन्हा काम. त्या सव्वातीन तासांत माझं दीड दिवसाचं काम होतं. समोर कुणीतरी मान खाली घालून बसलेलं असलं की आपलीही मान वर होत नाही, एवढंच ते.

न सांगता पाहुणे आले तर?

उठायचं, पाणी द्यायचं, दहा मिनिटं बसायचं. आपल्याकडं आल्यागेल्याला लॅपटॉपमागून मान हलवून चालत नाही, आणि चालू नये असंच मला वाटतं. अकराव्या मिनिटाला उठायचं कसं, ही खरी अडचण. मागच्या महिन्यात कोल्हापूरचे मामा-मामी आले होते. मी घड्याळाकडं बघायलाही धजत नव्हते. तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, “जा गं तू. तिचे पेपर तपासायचे राहिलेत, परवा द्यायचेत.” मामींनी विचारलं, “कुठल्या शाळेत असते ही?” सासूबाई म्हणाल्या, “अमेरिकेतल्या.”